दुखणे थांबले म्हणजे सांधा बरा झाला काय?

फुटबॉल हा विषय या त्रैमासिकाच्या पृष्ठांवर सहसा येत नाही. तरीही या अंकात आम्ही एका डच फुटबॉलपटूच्या घोट्याविषयी लिहीत आहोत. गुल्फमर्मावरील आघाताचे परिणाम, अपुऱ्या विश्रांतीची किंमत आणि वेदनाशमन व रोगमुक्ती यांतील अंतर या तिन्ही गोष्टी इतक्या स्पष्टपणे दाखविणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. शिवाय त्यातून निघणारा बोध वैद्य आणि औषधविक्रेते या दोघांनाही सारखाच लागू पडणारा आहे.

घोट्याची हकिकत

मार्को व्हॅन बास्टेन याचा जन्म ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे झाला. १९८२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या अयाक्स संघातर्फे तो पहिला सामना खेळला, तोही योहान क्रायफ या थोर खेळाडूच्या जागी बदली म्हणून उतरून. डच साखळी स्पर्धेत अयाक्सकडून १३३ सामन्यांत त्याने १२८ गोल केले. १९८७ मध्ये तो इटलीच्या एसी मिलान संघात गेला. १९८८ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत पाच गोल करून तो सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. म्युनिक येथील अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध अत्यंत अरुंद कोनातून, चेंडू जमिनीवर टेकू न देता त्याने मारलेला गोल आजही या खेळाच्या इतिहासातील सर्वोत्कृष्ट गोलांमध्ये गणला जातो. ‘बॅलन डी’ऑर’ हा युरोपातील सर्वोच्च वैयक्तिक बहुमान त्याला १९८८, १९८९ आणि १९९२ असा तीन वेळा लाभला.

या वैभवाच्या मागे घोट्याचे दुखणे सतत उभे होते. डिसेंबर १९८६ मध्ये ग्रोनिंगेन संघाविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यावर आवेशाने झेप घेताना त्याचा स्वतःचाच घोटा दुखावला. पुढील काही महिन्यांत साखळीतील काही सामने टाळावेत, परंतु युरोपीय चषकाचे सामने मात्र खेळावेत असे आपले आणि तेव्हाचे प्रशिक्षक क्रायफ यांचे ठरले होते, असे व्हॅन बास्टेनने २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. तो खेळला. १३ मे १९८७ रोजी अथेन्स येथे लाइपझिगच्या संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यातील एकमेव गोलही त्यानेच केला. चषक ॲमस्टरडॅमला आला. घोटा मात्र बरा झाला नाही. मिलानमधील पहिल्याच हंगामात त्याला घोट्याच्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले आणि त्या हंगामातील बहुतेक सामने हुकले.

त्यानंतरची काही वर्षे यशाची गेली. परंतु डिसेंबर १९९२ मध्ये घोट्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९९३ च्या वसंत ऋतूत तो मैदानावर परतला आणि २६ मे १९९३ रोजी मार्सेय संघाविरुद्ध युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना खेळला. मिलान तो सामना एका गोलने हरला. पाच वर्षांपूर्वी ज्या म्युनिकच्या ऑलिंपिक मैदानावर त्याने तो अजरामर गोल केला होता, त्याच मैदानावर त्याने आपला शेवटचा अधिकृत सामना खेळला. त्या वेळी त्याचे वय अवघे २८ वर्षांचे होते. पुन्हा शस्त्रक्रिया झाली, दोन वर्षे प्रतीक्षेत गेली आणि ऑगस्ट १९९५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. मिलानच्या सान सिरो मैदानावर प्रेक्षकांचा निरोप घेत त्याने फेरी मारली, तेव्हा प्रशिक्षक फाबियो कापेल्लो यांना अश्रू आवरले नाहीत.

वैद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग याच्या पुढचा आणि मागचा आहे. प्रतीक्षेच्या त्या वर्षांत रात्री बिछान्यातून उठून शौचालयापर्यंत आपण रांगत जात होतो, असे त्याने लिहिले आहे. जगातील सर्वोत्तम म्हणून तीन वेळा गौरविलेल्या पायांना घरातली काही पावलेही चालवत नव्हती. अखेर १९९६ मध्ये शल्यचिकित्सकांनी त्याच्या घोट्याची हाडे एकमेकांशी कायमची सांधून टाकली. घोट्याची हालचाल संपली आणि तिच्याबरोबर वेदनाही गेली.

गुल्फमर्म : शास्त्राचे म्हणणे

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात १०७ मर्मे सांगून परिणामानुसार त्यांचे पाच वर्ग केले आहेत. सद्यःप्राणहर १९, कालांतरप्राणहर ३३, विशल्यघ्न ३, वैकल्यकर ४४ आणि रुजाकर ८. पाय आणि जंघा यांच्या संधानस्थानी असलेले गुल्फमर्म हे दोन अंगुळे प्रमाणाचे संधिमर्म असून ते या आठ रुजाकर मर्मांपैकी आहे. त्यावर आघात झाला असता तीव्र वेदना, पाय ताठणे किंवा लंगडेपणा हे परिणाम आचार्यांनी सांगितले आहेत.

व्हॅन बास्टेनची हकिकत या तीन शब्दांशी ताडून पाहावी. आधी रुजा, मग लंगडणे आणि शेवटी स्तब्धता. यातील शेवटची अवस्था शल्यचिकित्सकाने जाणीवपूर्वक स्वीकारलेली होती. सांधा जोवर हलत होता तोवर दुखत होता, म्हणून हालचालीचा त्याग करून वेदनेचे निवारण केले गेले. मर्मविज्ञानातील निरीक्षण किती सूक्ष्म होते याचा हा पुरावा आहे. मात्र त्यातून कोणी असा निष्कर्ष काढू नये की, हा खेळाडू आपल्याकडे आला असता तर बरा झाला असता. ‘आमच्याकडे आला असता तर’ हे वाक्य सोपे आहे आणि आपल्या सभासंमेलनांत ते वारंवार ऐकू येते. परंतु न तपासलेल्या रुग्णाविषयी, न केलेल्या चिकित्सेचे श्रेय घेणे शास्त्राला धरून नाही. असाध्याची चिकित्सा हाती घेणाऱ्या वैद्याची अर्थ, विद्या आणि यश यांची हानी होते, असा इशारा चरकाचार्यांनी दिलाच आहे. सांध्यातील तरुणास्थीला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिची झीज भरून येणे अतिशय कठीण असते. आधुनिक शल्यशास्त्राला जिथे हात टेकावे लागले, तिथे आपण मोठेपणा मिरवण्यात अर्थ नाही.

मग या उदाहरणातून घ्यायचे ते काय? आमच्या मते एकच गोष्ट घ्यावी, ती म्हणजे काळ. भग्नचिकित्सेत सुश्रुताचार्यांनी सांधा स्थिर होण्याचा काळ वयानुसार सांगितला आहे. बाल्यात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि वार्धक्यात तिप्पट. वड, उंबर, पिंपळ, अर्जुन इत्यादींच्या साली किंवा वेळू यांच्या कुशा बांधाव्यात. बंध सैल झाला तर सांधा स्थिर होत नाही आणि अति घट्ट झाला तर शोथ, वेदना व पाक होतो, अशी सूचनाही आहे. अधोशाखेच्या गंभीर भग्नात रुग्णाला हलताच येऊ नये म्हणून कपाटशयनाची योजना आहे. भग्नाच्या रुग्णाने लवण, कटु, क्षार, अम्ल आणि रूक्ष अन्न यांबरोबरच व्यायामही वर्ज्य करावा, असे स्पष्ट सांगितले आहे. या सगळ्या विधानांचा गाभा पाहिला तर द्रव्यांहून अधिक भर स्थैर्यावर आणि अवधीवर दिसतो. लेप, परिषेक, क्षीरपाक ही सर्व त्या अवधीत सांध्याला साहाय्य करणारी साधने आहेत. त्या अवधीला ती पर्याय नाहीत.

स्नायूंविषयीचे आचार्यांचे विवेचन याच संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. अनेक बंधनांनी बांधलेली फळ्यांची नाव जशी पाण्यात भार वाहते, तसे स्नायूंनी बांधलेले संधी शरीराचा भार वाहतात, असा दृष्टांत तेथे आहे. अस्थी, पेशी, सिरा किंवा संधी यांच्या आघातापेक्षा स्नायूचा आघात अधिक घातक असल्याचेही तेथे म्हटले आहे. क्ष-किरण चित्रात हाड अखंड दिसले की ‘फक्त मुरगळले आहे’ म्हणून रुग्णाला घरी पाठवणाऱ्यांनी हे विवेचन जरूर पाहावे. नावेची फळी शाबूत आणि बंधने तुटलेली असतील तर ती नाव पाण्यात सोडता येत नाही.

आधुनिक क्रीडावैद्यकही आता याच निष्कर्षाला आले आहे. इंग्लंडमधील सुंदरलँड संघाचा ब्रायन क्लफ याने २७४ साखळी सामन्यांत २५१ गोल केले होते. २६ डिसेंबर १९६२ रोजी त्याच्या गुडघ्याचे बंध तुटले आणि २७ व्या वर्षी त्याची कारकीर्द व्यवहारतः संपली. आज तशाच दुखापतीनंतर बंधाची पुनर्रचना करून असंख्य खेळाडू मैदानावर परततात. परंतु नऊ महिने पूर्ण होण्याआधी परतणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण अधिक आढळते, असेही अभ्यास सांगतात. शस्त्रक्रियेचे तंत्र बदलले, पण ऊती भरून येण्याचा काळ विकत घेण्याची सोय अजून झालेली नाही.

चार पाद आणि पाचवा

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण मिळून सोळा गुणांनी चिकित्सा सिद्ध होते. रोग्याचे गुण म्हणजे स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. म्हणजे त्याला आपल्या व्याधीचा वृत्तांत आठवावा, त्याने वैद्याचे ऐकावे, त्याने घाबरू नये आणि आपली लक्षणे त्याने यथार्थ सांगावीत.

व्यावसायिक खेळाडूच्या बाबतीत यातील दोन गुण आरंभापासूनच दुर्बळ असतात. तो लक्षणे यथार्थ सांगत नाही, कारण वेदना सांगितली तर जागा दुसऱ्याला जाईल ही भीती असते. तो निर्देश पाळू शकत नाही, कारण त्याचे पाऊल त्याच्या एकट्याच्या मालकीचे राहिलेले नसते. येथे चार पादांच्या बाहेरचा एक पाचवा पाद उभा असतो. तो म्हणजे संघ, त्याचे मालक, प्रशिक्षक, पुढील रविवारचा सामना आणि तिकीट काढून बसलेला प्रेक्षक. या पाचव्या पादाचे हित पायाच्या आरोग्यात नसून पायाच्या आजच्या उपयोगात असते. तो दुष्ट असतोच असे नव्हे. बहुधा त्याचे खेळाडूवर प्रेमच असते. पण त्याचा काळ सामन्याने मोजला जातो आणि सांध्याचा काळ धातूंच्या पोषणाने.

अशा वेळी ‘नाही’ म्हणणारा एकच माणूस उरतो, तो वैद्य. चारही बाजूंनी ‘हो’ म्हणणारे असताना वैद्यानेही ‘हो’ म्हटले तर त्या पादचतुष्टयाला अर्थ राहत नाही. बुद्धी, धैर्य आणि स्मृती यांच्या भ्रंशातून घडणाऱ्या अहितकर कर्माला शास्त्राने प्रज्ञापराध म्हटले आहे. दुखऱ्या घोट्यावर अंतिम सामना खेळणे हा खेळाडूचा एकट्याचा प्रज्ञापराध नसतो. तो अनेकांनी मिळून केलेला असतो आणि त्याचे फळ मात्र एकट्याच्या पायाला भोगावे लागते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. खेळाडूचे आयुष्य पंधरा वर्षांचे. त्यातील एक हंगाम विश्रांतीत घालवणे म्हणजे उपजीविकेचाच प्रश्न. शिवाय १९८७ चा तो चषक व्हॅन बास्टेनला विश्रांतीने मिळाला असता काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर वैद्याने खेळाडूच्या वतीने देऊ नये. निवड त्याची आहे. परंतु निवड करण्यासाठी किंमत माहीत असावी लागते. ‘आत्ता खेळलास तर हा सामना मिळेल, पण पुढील पाच वर्षांतील कदाचित तीन जातील’ हे सरळ शब्दांत सांगणे हे वैद्याचे काम आहे. ते न सांगता केवळ वेदना थांबवून देणे म्हणजे खेळाडूच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला मैदानात सोडणे होय.

निदानपरिवर्जनाचाही एक पैलू येथे आहे. मागून येऊन प्रतिस्पर्ध्याच्या पायावर धोकादायक रीतीने घसरणे हा गंभीर अपराध मानून खेळाडूला बाहेर काढावे, असे नियमकर्त्यांनी १९९८ च्या विश्वचषकापूर्वी ठरवले. व्हॅन बास्टेनसारख्यांच्या उद्ध्वस्त घोट्यांचा विषय त्या काळी सर्वत्र चर्चिला जात होता. हा बदल त्याच्या उपयोगी पडला नाही, पण नंतरच्या पिढीच्या पडला असेल. हेतूचे निवारण हे चिकित्सेचे पहिले सूत्र मैदानाच्या नियमपुस्तकातही लागू पडते.

औषधविक्रेत्यांशी दोन शब्द

हा विषय युरोपपुरता नाही. कोल्हापुरातील तालीम मंडळांचे फुटबॉल संघ, गोव्यातील क्लब, राज्यभरातील कबड्डी, खो-खो आणि कुस्तीचे खेळाडू आपल्याच चिकित्सालयांत आणि आपल्याच दुकानांत येतात. त्यांच्यापैकी अनेकांची मागणी ‘बरे करा’ अशी नसून ‘रविवारपर्यंत चालेल असे काही द्या’ अशी असते. ती पुरवणे सोपे असते आणि म्हणूनच धोक्याचे.

तीन गोष्टी विक्रेत्यांनी विशेष ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ताज्या मुरगळीवर जोरदार मर्दन आणि उष्ण शेक करण्याची लोकरूढी आहे. सुश्रुताचार्यांनी भग्नाच्या परिषेकासाठी न्यग्रोधादि कषाय थंड करून वापरण्यास सांगितले आहे आणि मंजिष्ठा, यष्टिमधु, रक्तचंदन इत्यादींचा शतधौत घृतातील लेप सांगितला आहे. सूज आणि उष्णता असलेल्या घोट्यासाठी तेलाची बाटली देताना ‘चांगले जोर लावून चोळा’ असे सांगणे टाळावे.

दुसरी गोष्ट स्पर्धेतील उत्तेजक चाचण्यांची. कुपीलूतील स्ट्रिक्निन हे द्रव्य जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीनुसार स्पर्धाकाळात वर्ज्य आहे. संधिवेदना व वातविकारांत आपण ज्या विषतिंदुक वटीचा सहज वापर करतो, तिचा तो मुख्य घटक आहे. अग्नितुंडी वटीतही कुपीलू आहे. सोमलतेतील एफेड्रिनलाही स्पर्धाकाळात मर्यादा घातलेली आहे. भारतात २०२२ पासून यासंबंधी स्वतंत्र कायदा आहे आणि खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार धरला जातो. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ या एका वाक्यावर विश्वास ठेवून एखाद्या होतकरू मुलाची कारकीर्द घोट्याऐवजी चाचणीमुळे संपली, तर त्याचे उत्तर कोणी द्यायचे? स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला औषध देण्यापूर्वी त्यातील घटक त्याला लेखी सांगणे हे आता सौजन्य राहिले नसून कर्तव्य झाले आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. काही अप्रामाणिक उत्पादक वेदनाहर चूर्णे व गोळ्यांमध्ये स्टिरॉइड किंवा आधुनिक वेदनाशामके मिसळतात, हे आपल्या व्यवसायात कोणापासून लपलेले नाही. ज्या नाममुद्राविरहित पुडीने दुसऱ्याच दिवशी सूज उतरते, तिच्याकडे चमत्कार म्हणून न पाहता संशयाने पाहावे. स्टिरॉइडची सुई स्पर्धाकाळात २०२२ पासून आणि ट्रामाडोल हे वेदनाशामक २०२४ पासून निषिद्ध झाले आहे. आधुनिक वैद्यकाने जे दार बंद करायला घेतले आहे, ते आपल्या पुड्यांनी मागच्या बाजूने उघडू नये.

आमचे म्हणणे

वेदना हा शरीराचा शत्रू नव्हे, तो पहारेकरी आहे. पहारेकऱ्याला झोपवले म्हणजे चोर गेला असे होत नाही. दुखणे कमी झाले यावरून सांधा बरा झाला असे ठरवू नये. दोन्ही घोट्यांची हालचाल सारखी झाली आहे काय, एका पायावर तोल सांभाळता येतो काय, जिना उतरताना आणि हलकी उडी मारताना सूज वा वेदना परतते काय, हे तपासून मगच पुढील पायरी सांगावी. व्यायाम अर्धशक्तीनेच करावा हे शास्त्रवचन निरोगी माणसासाठी आहे. बऱ्या होणाऱ्या सांध्यासाठी तर ती अर्धी शक्तीही टप्प्याटप्प्याने कमवायची असते. अस्थिरता, न उतरणारी सूज किंवा वारंवार होणारी मुरगळ असेल, तर अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब करू नये. त्याने वैद्याची प्रतिष्ठा कमी होत नाही.

आमची एक साधी सूचना आहे. खेळाडूच्या व्यवस्थापत्रावर विश्रांती हे पहिले औषध म्हणून लिहावे. तोंडी न सांगता गुग्गुळाच्या आणि तेलाच्या वर, दिनांकासह लिहावे : अमुक तारखेपर्यंत मैदान वर्ज्य, अमुक तारखेला पुनर्तपासणी. तोंडी सांगितलेली विश्रांती प्रशिक्षकापर्यंत पोहोचत नाही, कागदावरची पोहोचते. खेळाडूला स्वतःच्या तोंडाने ‘मी खेळणार नाही’ म्हणणे जड जाते, पण ‘वैद्यांनी लिहून दिले आहे’ हे म्हणणे त्याला शक्य असते. इतका आधार देणे आपल्या हाती आहे. विक्रेत्यांनीही अशा व्यवस्थापत्रावरील तारखेकडे पाहावे आणि तिच्या आत वेदनाहराची दुसरी खेप मागणाऱ्याला वैद्याकडे परत पाठवावे. एका बाटलीचा नफा जाईल, पण तो मुलगा पुढील दहा वर्षे आपल्या पायांवर धावत राहील आणि पुढच्या वेळी सल्ला घ्यायला आपल्याच दारी येईल.